दहा हिरडे, सहा षटकं

माझ्या नातीला, दिव्याला, प्रत्येक गोष्टीला नंबर द्यायची सवय आहे. शाळेतल्या बाईंना नंबर, आइस्क्रीमला नंबर, मी केलेल्या भाज्यांनासुद्धा नंबर. मागच्या महिन्यात एका संध्याकाळी टीव्हीवर वीस षटकांची मॅच लागली होती. धूर, लाल-निळे दिवे, चौकार गेला की वाजणारा भोंगा. ती सोफ्यावर मांडी घालून मला म्हणाली, "आजी, क्रिकेट तीन तऱ्हेचं असतं ना? पाँच दिन का, एक दिन का, और ये वाला. नंबर दे. सबसे मजेदार कौनसा?" जबलपूरला जन्मलेली पोर, तिची मराठी निम्म्या वाटेवर हिंदीत उतरते. मी म्हटलं, "थांब, गॅस बंद केलाय का बघून येते." गॅस बंदच होता. तो मी आधी दोनदा बघितला होता. तरी ओट्याला हात टेकून बराच वेळ उभी राहिले. कारण तिला तीनच तऱ्हा ठाऊक आहेत. चौथी सहा षटकांची. ती टेनिसच्या चेंडूनं, कापणी झालेल्या भातखाचरात खेळतात, आणि ती मी आयुष्यात एकदाच डोळे भरून पाहिली आहे.

आमची वाडी डिंभ्याच्या वर, डोंगराच्या खांद्यावर. अंगणातून खाली धरणाचं पाणी दिसायचं आणि पाण्याच्या कडेनं जाणारा रस्ता. एसटी खाली फाट्यापर्यंत यायची, तीसुद्धा तिच्या मनाला वाटेल तेव्हा. घरात आम्ही चौघं. आई, आबा, माझ्याहून चार वर्षांनी मोठा किसनदादा आणि मी. भात, नाचणी, वरई एवढं पिकायचं, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला हिरडा. हिरड्याच्या झाडावर चढून आबा फांद्या झोडपायचे, आई आणि मी खाली वेचायचो, आणि मग अंगणभर तो हिरवा हिरडा काळा पडेपर्यंत वाळत पडायचा. त्याचा तुरट वास घरातल्या चादरींनासुद्धा यायचा. एका वर्षी फांदी मोडली आणि आबा खाली आले. आवाज फार मोठा झाला नाही. मला वाटलं, पोतंच पडलं. त्यानंतर आबांचं कमरेखालचं अंग गेलं ते गेलंच. मी सातवी झाले होते. पुढची शाळा घोडेगावला होती. आईला कामाला जाणं भाग होतं, दादा खाली एका सायकल दुरुस्तीच्या दुकानात लागला होता, तेव्हा आबांपाशी मीच राहिले. शाळा सोडावी लागली, असं लोक म्हणतात तेव्हा मला थोडं चुकल्यासारखं होतं. मला कुणी सोडायला लावलं नाही. एका सकाळी दप्तर खुंटीला लावलं आणि ते तिथंच राहिलं, एवढंच.

आमच्या शाळेतले गुरुजी त्याच वर्षी बदलून गेले. जाताना भेटायला आले आणि आपला रेडिओ आबांच्या उशाशी ठेवून गेले. म्हणाले, "मला तिकडं लाईट आहे, टीव्ही घेणार आहे. हा पडून राहील." ते खरं नव्हतं, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. त्या माणसाचे उपकार मी अजून फेडते आहे. फेडते म्हणजे काय, रोज सकाळी देवापुढं हात जोडताना त्यांचं नाव घेते. माझ्यापाशी दुसरं आहे काय? त्या रेडिओनं आमच्या घराला पहिल्यांदा दिवसाचा आवाज दिला. आई आणि दादा सकाळी निघून गेले की घरात माशीचा आवाज ऐकू यायचा. आबांना गाणी नको असायची. "गानं संपतं आन् मग लईच सुनं वाटतं," म्हणायचे. एकदा काटा फिरवता फिरवता पाच दिवसांच्या मॅचची कॉमेंट्री लागली. आबा तरुणपणी दोन वर्षं भिवंडीला गोदामात होते, हिंदी त्यांना कळायची. क्रिकेट मात्र काही ठाऊक नव्हतं. ते ऐकत राहिले. जेवणाची सुट्टी झाली, पुन्हा सुरू झालं. चहाची सुट्टी झाली, पुन्हा सुरू झालं. दिवे लागायच्या आधी तो माणूस "कल सुबह फिर मिलेंगे" म्हणाला, तेव्हा आबांनी माझ्याकडं बघितलं. "उद्या बी हाय म्हनतो, बाय." त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं होतं ते मी, आबा झाडावरून पडल्यापासून, पाहिलं नव्हतं. उद्याला काहीतरी होतं.

पाच दिवसांच्या खेळात मजा काय, असं आता सगळे विचारतात. माझा जावईसुद्धा विचारतो. मला वाटतं, हा खेळ पडून असलेल्या माणसासाठीच कुणीतरी काढला असावा. तो घाई करत नाही. तुम्ही डोळा मिटलात, तासाभरानं उघडलात, तरी तोच गडी तिथंच उभा असतो, सहा धावा पुढं. मी भाकऱ्या थापायचे, हुलग्याचं माडगं ढवळायचे, आबांची कूस बदलायचे, पाठीला खोबरेल लावायचे, आणि एवढं सगळं होईपर्यंत फार तर एक चौकार गेलेला असायचा. रेडिओवर दिसत तर काही नाही. म्हणून मैदान आपणच करायचं. माझ्या मैदानात एका कडेला आमचंच खाचर होतं आणि बॉलर नेहमी पारावरच्या देवळाकडून धावत यायचा. आबांचं मैदान कसं होतं, ते मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

हिशेब ठेवायला आम्ही हिरडे घेतले. दहा वाळके हिरडे खाटेच्या कडेला रांगेनं मांडायचे. एक गडी बाद झाला की एक हिरडा पितळेच्या वाटीत. वाटीत तो टणकन वाजायचा. आई परसात असली तरी तिथून ओरडायची, "आपला का त्यांचा?" तिला त्या खेळातलं तेवढंच कळायचं. धावा मी कोळशानं भिंतीवर लिहायचे. अडचण एकच होती. थोडा वेळ हिंदी, थोडा वेळ इंग्रजी अशी ती कॉमेंट्री आलटून पालटून यायची. इंग्रजी लागलं की आबा म्हणायचे, "आता तू सांग. सातवी पास हायेस." मला इंग्रजी काय येत होतं? पण तसं सांगायची लाज वाटायची. मी लोकांच्या गलक्यावरून सांगायचे. गलका हळू चढला तर चौकार, एकदम फुटला तर बाद. एकदा मी असाच आपला एक चांगला गडी बाद करून टाकला, हिरडा वाटीत टाकला, आणि आबा बराच वेळ हळहळत बसले. मग हिंदी लागलं तर तो गडी आरामात खेळतोय! मी मान खाली घातली. आबा हसले. हसताना त्यांच्या छातीत दुखायचं, तरी हसले. "आगं, तुज्या विंग्रजीनं चांगला गडी घालवला की आपला. काढ त्यो हिरडा भाईर." मी काढला. वाटीत गेलेला हिरडा परत रांगेत लावता येतो, याची मला तेव्हा फार गंमत वाटली होती.

दादाचं आणि आबांचं यावरून रोज वाजायचं. दादाला पाच दिवसांचा खेळ म्हणजे म्हाताऱ्यांचा उद्योग वाटायचा. घोडेगावला दुकानाच्या मालकांकडं टीव्ही होता. तिथं तो एका दिवसाची मॅच बघून यायचा आणि घरात काठी घेऊन दाखवायचा. "आबा, तुमचं ह्ये काय, पाच दिस खेळायचं आन् कुनीच जिकायचं न्हाई. सकाळी बसलं की सांजच्याला निकाल पायजे."

आबा म्हणायचे, "निकाल लागला की मानसं घरी जात्यात, किसन. मला घरीच ऱ्हायाचंय. मला काय करायचाय निकाल?"

"मंग ऐका बसून. त्यो बॉलर अजून धावतोयच, परवापासनं."

"धावू दे. त्याला काय तुज्यावानी येष्टी धरायचीय?"

एकदा दादा मलाही टीव्ही बघायला घेऊन गेला. शेजारची काकू आबांपाशी बसली होती. आम्ही बाहेर पडवीत दाटीनं बसलो. आणि खरं सांगते, माझी निराशा झाली. माणसं एवढीएवढीशी. माझ्या खाचराचा, पाराचा पत्ता नाही. सगळं आयतं पुढ्यात, आणि मध्ये कुणी बोललं तर बाकीचे गप्प करायचे. मजा आली नाही असं नाही. शेवटी शेवटी मीही इतरांबरोबर उठून उभी राहिले. पण घरी आल्यावर आबांनी विचारलं, "काय काय झालं सांग," तर मला चार वाक्यांपलीकडं सांगताच येईना. पाच दिवसांतल्या एका सकाळचं मी तासभर सांगू शकले असते.

दादा स्वतः खेळायचा ते सहा षटकांचं. भात निघाला की खाचरांचे मधले बांध मोडून, ढेकळं फोडून, शेणानं सारवून पीच करायचे. माईक लावायचे, बक्षीस ठेवायचे. गावोगावचे संघ यायचे, पार लांबच्या निमगाव साव्यापासून. एक सामना चुलीवरचं पाणी उकळेपर्यंत संपायचा. एका दिवसात आठ-दहा संघ गारद. दादा पहिल्या चेंडूपासून मारायचा. त्याला थांबून खेळताच यायचं नाही, आणि त्या खेळात थांबायचं कारणही नव्हतं. त्या वर्षी डिंभ्याच्या स्पर्धेत आमचा संघ फायनलला गेला. समोर महाळुंगे पडवळ गावचा संघ. बक्षीस बोकड आणि ढाल. आदल्या रात्री जेवताना दादा म्हणाला, "आबा, उद्या बोकड आनतो."

आबांना आठ-दहा दिवस ताप होता. पाठीच्या जखमा चिघळल्या होत्या. घोडेगावच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या आणि आईला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं होतं, ते तिनं आम्हाला सांगितलं नव्हतं. तरी आबा हळू आवाजात म्हणाले, "बोकडाचं राहू दे. कसा खेळलास त्ये येऊन सांग. येक येक बॉल सांग."

दुसऱ्या दिवशी पाच दिवसांच्या मॅचचा शेवटचा दिवस होता. सेल संपत आले होते, म्हणून ते मी दोन दिवस उन्हात वाळवले होते, हिरड्याच्या शेजारी. आवाज बारीक होता पण येत होता. सकाळी आबांनी शेंगोळ्याचं पाणी दोन घोट घेतलं. तीन हिरडे वाटीत गेले होते. मग त्यांचा श्वास बदलला. कसा बदलला ते लिहिता येत नाही, पण ज्यानं ऐकलंय त्याला कळेल. आई कामावर गेली नव्हती. ती उशाशी बसली आणि आबांनी तिला काहीतरी सांगितलं. मी परातीत नाचणीचं पीठ मळत होते. रेडिओवर जेवणाची सुट्टी झाली आणि आई माझ्याकडं वळली. "सुंदे, ऊठ. किसनला घिऊन ये. आबा बोलावत्यात म्हनावं. पळत जा, कुटं थांबू नको."

मी तशीच उठले. चपला घालायचं सुचलं नाही, हात धुवायचं सुचलं नाही. डिंभ्यापर्यंत तासाभराची उतरण. मी ती किती वेळात उतरले ठाऊक नाही. अर्ध्या वाटेत माईकचा आवाज यायला लागला. हातावरचं पीठ वाळून त्याला भेगा पडल्या होत्या आणि मी चालता चालता ते नखानं खरवडत होते.

मैदानाशी पोचले तेव्हा दुसरा डाव नुकता सुरू होत होता. सहा षटकांत त्रेपन्न धावा करायच्या होत्या आणि दादा मैदानात उतरला होता. खाचराभोवती तीन-चारशे माणसं, सगळे पुरुषच. माईकवर बबन कंडक्टर होता. नोकरीला एसटीत, आणि सुट्टी काढून तालुकाभर कॉमेंट्री करायचा. बांधावर टेबल मांडून, गळ्यात उपरणं घालून त्याचं चाललं होतं, "महाळुंग्याचा बॉलर निघालाय धावत, जनू शेवटची गाडी सुटलीय ह्याची! आन् किसनरावांनी मारलाय... चला, डबल बेल! जाऊ द्या, चार रन!" माणसं खदखदून हसत होती. मी टेबलापाशी गेले. श्वास लागला होता. त्यानं माईकवर हात ठेवून विचारलं, "कोन गं तू, पोरी? काय काम काढलंस?"

सांगायचं एवढंच होतं. त्यानं माईकवर पुकारलं असतं तर खेळ जागच्या जागी थांबला असता. आमच्याकडं असं कळल्यावर कुणी एक चेंडूही पुढं टाकला नसता. मी मैदानाकडं बघितलं. दादा बॅट टेकवून उभा होता. एवढा उंच मला तो कधी दिसला नव्हता. आणि मी मनात म्हटलं, सहाच तर षटकं आहेत. एक तर संपतच आलं. एवढं झालं की लगेच. आबांनी एक एक बॉल सांग म्हटलंय, तो बघितला तर मीच सांगीन. असं सगळं मी एका श्वासात मनात म्हटलं आणि तोंडानं म्हटलं, "किसनची बहीण. मॅच बघायला आलेय."

"ऐका राव!" बबन कंडक्टर माईकवर गरजला. "किसनरावांच्या भगिनी खास वाडीवरनं उतरून आल्यात! किसनराव, आता बाद झालात तर घरी भाकर मिळायची न्हाई!" सगळं मैदान माझ्याकडं वळलं. दादाही वळला. त्यानं बॅट वर केली. मी हात वर केला.

दिव्याला मी हे कसं सांगू? सहा षटकांच्या खेळाइतकी मजा मला आयुष्यात दुसऱ्या कशात आली नाही. पाच दिवसांच्या खेळात मला घर दिसत होतं, चूल दिसत होती, आबांची कूस कधी बदलायची ते आठवत होतं. एका दिवसाच्या खेळातही मध्येच वाटत होतं, काकूला उशीर झाला असेल. या खेळानं मला दुसरं काहीच आठवू दिलं नाही. एक चेंडू संपला की पुढचा आलाच. मध्ये श्वास घ्यायला जागा नाही, आणि जिथं श्वास घ्यायला जागा नाही तिथं मनाला टोचणीलाही जागा नाही. दादानं एक चेंडू पाण्याच्या दिशेनं भिरकावला आणि बबन कंडक्टर ओरडला, "ही गाडी थेट पुन्याला! मधी थांबा न्हाई!" आणि मी हसले. मी हसले, हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. वर आबांचा श्वास तसा चालला होता आणि मी बांधावर उभी राहून टाळ्या वाजवत होते. टाळ्यांनी हातावरचं उरलंसुरलं पीठ उडत होतं. शेवटच्या षटकात नऊ हव्या होत्या. दोन चेंडू राखून दादानं मॅच जिंकून दिली. पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. बोकड गुलालानं माखलेला, दोरीला हिसडे देत होता.

मी गर्दीत घुसले आणि त्याचा सदरा धरला. "दादा, आबा बोलावत्यात. आत्ता चल." तो खांद्यावरून खाली उतरला. काही विचारलं नाही. बॅट टाकली आणि चालायला लागला, मग पळायला लागला. चढावर मी मागं पडले की थांबायचा, हात द्यायचा. मी एकदा म्हटलं, "मी आत्ताच आले होते." तो म्हणाला, "चल."

दारात पोचलो तेव्हा रेडिओ चालू होता. चहाच्या सुट्टीनंतरचं दुसरं षटक चाललं होतं. हे मला कळलं, कारण सात महिने मी दुसरं काहीच ऐकलं नव्हतं. आई आबांच्या पायांशी बसली होती. ती रडत नव्हती. तिनं दादाकडं बघितलं आणि म्हणाली, "तुजी वाट बघितली रं त्यांनी लई. दाराकडंच बघत व्हते. त्या पेटीतली मानसं च्याला उठली ना, तवा गेले." तिला त्या वाक्यात काय आहे, ते ठाऊक नव्हतं. तिला घड्याळ कळत नव्हतं, तिनं नुसती खूण सांगितली. पण मला हिशेब लागला. चहाची सुट्टी, वर दोन षटकं. तेवढाच वेळ मी बांधावर उभी होते. थोडा जास्तच. मी थांबले नसते तर ती माणसं चहाला उठायच्या आत आम्ही दारात असतो. खाटेच्या कडेला सात हिरडे तसेच रांगेत होते. संध्याकाळी, अंगणात लाकडं येत असताना, कुणीतरी रेडिओ बंद करायला गेला तर त्यातून ऐकू आलं की मॅच अनिर्णित राहिली. पाच दिवस खेळून कुणी जिंकलं नव्हतं. आबांना तशी मॅच सगळ्यांत जास्त आवडायची.

तेराव्यानंतर संघातली पोरं बोकड घेऊन वर आली. आईनं तो कापू दिला नाही. "त्यांनी राहू दे म्हनलं व्हतं," एवढंच म्हणाली. दोन वर्षं तो अंगणात हिरड्याच्या झाडाखाली बांधलेला असायचा, मग एका पहाटे बिबट्यानं नेला. दादा पुन्हा खेळला नाही. गुडघा दुखतो म्हणायचा. आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा, "सुंदी पळत आली वो, पर तवर मॅच संपलीच व्हती. तिचा काय विलाज?" पाहुण्यांपुढं, सोयऱ्यांपुढं, माझ्या लग्नात सासरच्यांपुढंसुद्धा. दर वेळी मी मान खाली घालायचे. त्यानं मला बघितलं होतं, बॅट वर केली होती. म्हणजे मी आधी येऊन उभी राहिले हे त्याला ठाऊक होतं, आणि तो माझ्यावर पांघरूण घालत होता. त्या पांघरुणाखाली मी जबलपूरपर्यंत आले. नवऱ्याला इथल्या लाकडाच्या वखारीत काम होतं. इथं लोक म्हणतात, सुंदाबाई फार घाईच्या. नातीला आणायला शाळेच्या फाटकाशी मी अर्धा तास आधी जाऊन उभी असते. कुणी निरोप दिला की वाटेत कुणाशी बोलत नाही. सुना हसतात. हसू देत.

त्या संध्याकाळी मी ओट्यापाशी उभी असताना दिव्या मोबाईल घेऊन आत आली. "आजी, देख, तुझं गाव!" हल्ली सहा षटकांच्या स्पर्धा मोबाईलवर थेट दाखवतात, तिनं कुठूनतरी शोधली होती. माईकवर दुसराच कुणी होता. मागं पाणी दिसत होतं, आणि त्याच्या वर आमचा डोंगर. मी फोन तिच्या हातात परत दिला आणि माझ्या फोनवरून दादाला लावला. त्याला रेंजसाठी पारापर्यंत यावं लागतं. योगायोगानं तो तिथंच बसलेला होता. मी म्हटलं, "दादा, तू आयुष्यभर माझ्यासाठी खोटं बोललास. मी पहिल्या षटकापासून उभी होते. मी सांगितलं नाही. मला मॅच बघायची होती."

फोनमध्ये नुसती खरखर झाली. मला वाटलं, रेंज गेली.

"सुंदे," मग तो म्हणाला, "तू हात वर केलास ना, तवा तुज्या हाताला पीठ व्हतं. पायात चपला नव्हत्या. आपल्याकडची पोर पिठाच्या हातानं कवा मॅच बघायला येती का? मला तवाच कळलं. बबनला तू काय सांगितलंस, कुनाला ठावं. पर मला कळलं व्हतं."

मागून पोरांचा, वाऱ्याचा आवाज येत होता.

"बॅट टाकून यायला पायजे व्हतं," दादा म्हणाला. "पर मनात म्हनलं, सहाच तर षटकं हायेत."